सोपी पाककृति : कोणास सोपी?

मराठींत पाकशास्त्रावर जीं पुस्तकें निघतात त्यांच्या मुखपृष्ठावर, निदान प्रस्तावनेंत तरी, 'सोपी' हा शब्द बहुधा असतोच. प्रकाशक तो विक्रीसाठीं घालतो, लेखिका आर्जवानें घालते, आणि वाचणारी तो विश्वासानें घेते. ह्या शब्दाची परीक्षा मात्र कोणी करीत नाहीं. काव्यसंग्रहास कोणी 'रसाळ' म्हटलें तर टीकाकार लागलीच रस कोठें आहे म्हणून विचारतो. कादंबरीस 'वास्तव' म्हटलें तर वास्तव कोणाचें, असा वाद घालतो. पाकशास्त्राच्या पुस्तकाचा अभिप्राय मात्र 'प्रत्येक घरीं संग्रहीं असावें असें' ह्या एका वाक्यांत आटोपतो. आमच्या मतें हा ह्या पुस्तकांचा गौरव नसून त्यांची उपेक्षा आहे. ज्या ग्रंथाचीं पानें हळदीच्या बोटांनीं उलटलीं जातात, ज्याचें एखादें वाक्य चुकलें तर घरांतल्या सहा माणसांचें जेवण बिघडतें, त्याच्याकडे टीकाकारानें इतर कोणत्याही ग्रंथाइतक्याच बारकाईनें पाहिलें पाहिजे. किंबहुना अधिक, कारण करून पाहिल्याशिवाय वाचलें असें म्हणतां येत नाहीं, असा हा वाङ्मयप्रकार आहे.

आम्ही येथें एकाच पुस्तकाचें परीक्षण करणार नाहीं. ज्या रीतीनें हीं पुस्तकें लिहिलीं जातात ती रीति परीक्षेस घ्यावी, आणि तीहि पुण्यामुंबईच्या स्वयंपाकघरांत न घेतां ज्या घराचा विचार लिहिणारानें बहुधा केलेला नसतो अशा घरांत घ्यावी, असा आमचा बेत होता. त्याप्रमाणें आम्हीं पाककृतींची एक निवड बरोबर घेतली आणि मुरबाड तालुक्यांतील वैशाखरे ह्या गांवीं, नाणेघाटाच्या पायथ्याशीं, ओळखीच्या एका शेतकरी घरीं दोन वेळां मुक्काम केला. एकदां मार्गशीर्षांत, नवें भात घरांत आल्यावर. आणि एकदां ज्येष्ठाच्या अखेरीस, पहिल्या पावसानंतर. त्या प्रयोगांतून जें दिसलें तें सांगण्यापूर्वीं ह्या वाङ्मयाचा थोडा मागोवा घेणें जरूर आहे.

स्वयंपाकावर ग्रंथ रचण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें आपल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत अन्नभोगाचा स्वतंत्र विचार केला. सतराव्या शतकांत तंजावरच्या मराठी राज्यांत रघुनाथ गणेश नवहस्त यांनीं 'भोजनकुतूहल' रचलें. परंतु हे दोन्ही ग्रंथ संस्कृतांत असल्यामुळें ज्या हातांनीं चूल पेटत होती त्या हातांत ते पडणें शक्य नव्हतें. मराठींत छापील पाकशास्त्र आलें तें १८७५ सालीं, रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 'सूपशास्त्र' ह्या पुस्तकानें. पुरुषानें लिहिलेलें हें पुस्तक नांवानेंच शास्त्र म्हणवितें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पुढें १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र' निघालें. पस्तीस वर्षांत लेखक जाऊन लेखिका आली, आणि शास्त्र जाऊन मैत्री आली. हा बदल लहान नव्हे. शास्त्र आज्ञा करतें. मैत्रीण शेजारीं बसून सांगते.

पण खरी क्रांति १९७० सालीं झाली. त्या वर्षीं कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' प्रसिद्ध झाली, आणि पुढें तिच्या लक्षावधि प्रती खपल्या. कमलाबाईंस लोक लाख सुनांची सासू म्हणूं लागले तें उगीच नव्हे. त्यांनीं जें केलें तें वरवर पाहतां अगदीं साधें होतें: त्यांनीं मापें बदललीं. त्यापूर्वीं घराघरांत शेर, पायली, तोळा चालत असत. १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक पद्धति ठरली, १९५८ पासून ती टप्प्याटप्प्यानें अमलांत आली, आणि दुकानांतील शेराचा किलो झाला. परंतु घरांत तराजू कोणाच्याच नव्हता. जुनें माप गेलें आणि नवें माप दुकानाच्या उंबरठ्यावर अडलें, अशा वेळीं कमलाबाईंनीं वाटी आणि चमचा हेंच माप धरलें. वाटी प्रत्येक घरीं असते. ती लहान असो वा मोठी, एकाच वाटीनें सर्व जिन्नस मोजले कीं प्रमाण बिघडत नाहीं. ज्या मुलीची आई दूर राहिली, सासू नाहीं किंवा असून बोलत नाहीं, नवरा बदलीच्या गांवीं घेऊन गेला आहे, तिला ह्या एका युक्तीनें स्वतःच्या पायांवर उभें केलें. एका पिढीच्या सुशिक्षित स्त्रियांवर ह्या पुस्तकाचें जें ऋण आहे तें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. पुढें जी टीका करणार आहों ती हें ऋण मान्य करूनच.

आतां वैशाखऱ्याकडे वळूं. कल्याणहून मुरबाड, टोकावडें ओलांडून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर हें गांव लागतें. येथून पायवाट नाणेघाटांत चढते. कोंकणांतील बंदरांचा माल जुन्नर-पैठणकडे नेणारी ही सातवाहनकाळची वाट. घाटमाथ्यावरच्या लेण्यांत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यांत यज्ञांची नांवें आहेत, आणि त्या त्या यज्ञांत दिलेल्या गायी, हत्ती, घोडे, कार्षापण यांचे आकडे खोदलेले आहेत. मोजून लिहून ठेवण्याचा इतका जुना पुरावा ज्या गांवाच्या डोक्यावर आहे, त्या गांवांतील स्वयंपाकघरांत मात्र मोजण्याची चाल अजिबात नाहीं. दान मोजतां येतें, कारण तें एकदांच द्यावयाचें असतें. रोजचा भात रोज निराळा असतो. हें आम्हांस तेथें गेल्यावर पहिल्याच दिवशीं कळलें.

पहिला प्रयोग साध्या भाताचा होता. पुस्तकांत एक वाटी तांदळास दोन वाट्या पाणी सांगितलें होतें. शहरांत आम्हीं त्या मापानें शेकडों वेळां भात केला होता. वैशाखऱ्यास त्याच मापानें केलेला भात खिचडीसारखा गचका झाला. घरच्या आजी ओट्याशीं बसून पाहत होत्या. त्या हंसल्या नाहींत, एवढेंच त्यांचे उपकार. म्हणाल्या, "वाटी काय सांगते तें नका बघूं, भाऊ, तांदूळ काय सांगतो तें बघा." त्यांचें म्हणणें असें कीं, हा तांदूळ खळ्यावरून येऊन महिना झालेला नाहीं, त्याच्या अंगांत अजून पाणी आहे, त्याला दोन वाट्या कशाला? जुना तांदूळ पाणी पितो, नवा पीत नाहीं. पेठेतून आलेला तांदूळ बहुधा जुनाच असतो. म्हणून पुस्तकाचें माप शहरांत चुकत नाहीं, आणि जेथें भात पिकतें तेथेंच चुकतें.

ह्या एका गोष्टींत सगळ्या रीतीचा दोष सांपडतो, असें आम्हांस वाटतें. पुस्तकांतला 'तांदूळ' हा कोणता तरी एक तांदूळ नव्हे, तो दुकानांतला तांदूळ आहे. मापांत अचूकपणा आला. पण ज्याचें माप घ्यावयाचें त्या जिनसाची ओळख मापाच्या मागें लपली. 'एक वाटी तांदूळ' ह्या तीन शब्दांत वाटी स्पष्ट आहे, एक स्पष्ट आहे, आणि तांदूळ तेवढा अस्पष्ट आहे. कोणी लिहिणारीनें 'नव्या तांदळास पाणी कमी' एवढीं चारच अक्षरें अधिक घातलीं असतीं तर आमचा भात वांचला असता. परंतु लिहिणारीचा स्वयंपाक ज्या गांवीं घडला तेथें हा प्रश्नच उद्भवत नव्हता, म्हणून तिला तें सुचलें नाहीं. तिच्या अज्ञानाचा हा दोष नव्हे. जें नित्य आहे तें डोळ्यांस दिसत नाहीं, हा सर्वच लेखकांचा दोष आहे.

दुसरी अडचण विस्तवाची. 'मंद आंचेवर दहा मिनिटें' हें वाक्य छापील पाककृतींत पदोपदीं येतें. गॅसच्या शेगडीस कान असतो. तो पिळला कीं आंच मंद होते. चुलीस कान नसतो. सरकारच्या उज्ज्वला योजनेमुळें २०१६ नंतर खेड्यांपाड्यांत शेगड्या पोहोंचल्या आहेत, ह्या घरींहि एक होती. परंतु नळकांडें लवकर संपूं नये म्हणून तिच्यावर चहा तेवढा होई, भाकरी आणि भात चुलीवरच. चुलीवर आंच मंद करणें म्हणजे लांकूड मागें ओढणें, निखारे पसरणें, भांडें वैलावर सरकवणें. वैल हा शब्द आमच्या कोणत्याच पुस्तकांत नव्हता. आणि दहा मिनिटें म्हणजे किती? लांकूड सुकें असेल तर एक, पावसानें ओलावलें असेल तर दुसरें. आजींस मिनिटें ठाऊक नव्हतीं असें नाहीं. भिंतीवर घड्याळ होतें. पण त्या घड्याळाकडे न पाहतां भांड्याकडे पाहत. झांकणावरचा थेंब, कडेनें सुटणारें तेल, रटरटण्याचा बदललेला आवाज, फोडणींतल्या लसणाचा वास ह्या त्यांच्या खुणा होत्या. खूण ही विस्तव कोणताहि असला तरी खरी असते. मिनिट हें एकाच प्रकारच्या विस्तवावर खरें असतें.

येथें एखादा वाचक म्हणेल, तुम्ही शहरांतल्या बायकांसाठीं लिहिलेलें पुस्तक खेड्यांत नेतां आणि मग तें चुकलें म्हणून सांगतां, हा कोणता न्याय? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उत्तर आम्हांस त्याच घरांतल्या सूनबाईंनीं दिलें. ह्या बाई बारावीपर्यंत शिकलेल्या. कल्याणजवळ कांहीं वर्षें राहून आलेल्या. आमच्या वहींतल्या मुगाच्या डाळीच्या धिरड्यांची कृति त्यांनीं मागून घेतली, एकदां वाचली, आणि संध्याकाळीं मुलांना करून घातली. धिरडीं उत्तम झालीं. त्यांनीं सांगितलें कीं, सासूबाईंच्या हाताखालीं त्यांस स्वयंपाक यावयास तीन वर्षें लागलीं, कारण सासूबाई कधीं 'इतकें घाल' म्हणत नाहींत, 'पुरे' एवढेंच म्हणतात. कागदावरची धिरडीं एका संध्याकाळीं आलीं. तेव्हां वाटी-चमच्याची रीति खेड्यास परकी आहे असें म्हणणें खोटें ठरतें. उलट, जेथें शिकविणारी मोजून सांगत नाहीं, तेथें तिची अधिक गरज आहे. जुन्या पद्धतीच्या 'अंदाजा'चें कौतुक करणारे लेखक हें विसरतात कीं, तो अंदाज कोणा तरी सुनेनें बोलणीं खाऊन शिकलेला असतो.

म्हणून प्रश्न माप हवें कीं खूण हवी, असा नाहींच. दोन्ही हवीं, आणि तीं का हवीं हें तिसऱ्या प्रयोगानें आम्हांस शिकविलें. तो प्रयोग शेवळांचा. त्याची किंमत आम्हीं आपल्या घशानें दिली आहे, म्हणून तो जरा विस्तारानें सांगतों.

मृगाच्या सरी पडल्या कीं ठाणें जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यांत रानभाज्या उगवूं लागतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोलीं, बांबूचे कोंब; आणि सर्वांच्या आधीं शेवळें. जांभळट रंगाचा, मिटलेल्या कळीसारखा हा कोंब सुरणाच्या जातीचा आहे. ठाकूर आणि कातकरी बायका पहांटे रान धुंडून त्याच्या जुड्या बांधतात आणि मुरबाड, शहापूर, कल्याणच्या बाजारीं नेऊन विकतात. हंगाम जेमतेम तीन-चार आठवड्यांचा. जुडीबरोबर त्या हिरव्या आंवळ्याएवढीं कांहीं फळें देतात; त्यांस काकडें म्हणतात. शहरांतलें गिऱ्हाईक पुष्कळदां तीं फळें 'नकोत' म्हणून परत करतें. तें काय परत करीत आहे हें त्याला ठाऊक नसतें.

आम्हांसहि ठाऊक नव्हतें. आमच्या फळीवरच्या पाकशास्त्राच्या चार पुस्तकांत शेवळांस जागा नव्हती. शेवटीं एका छापील कात्रणांत कृति मिळाली. ती पांच ओळींची होती आणि मथळ्यावर 'सोपी' हा शब्द होता. शेवळें चिरावीं, फोडणीस टाकावीं, भिजविलेली हरभऱ्याची डाळ घालावी, आवडीप्रमाणें चिंच-गूळ घालावा, वाफ आणावी. त्या दिवशीं आजी शेतावर गेल्या होत्या, सूनबाई मुलांस घेऊन टोकावड्यास. आम्हीं भाजी केली. गूळ आम्हांस आवडतो आणि आंबट सोसत नाहीं. कात्रणानें 'आवडीप्रमाणें' म्हटलें होतें. आम्हीं चिंचेचें बोटुक तेवढें घातलें. दुसऱ्या घासासच घसा आणि जीभ सुयांनीं टोचल्यासारखी झाली. ती टोचणी रात्रीपर्यंत राहिली.

'सुयांनीं टोचल्यासारखी' ही केवळ उपमा नव्हे. सुरणाच्या कुळांतल्या वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेट ह्या क्षाराचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. तेच घशांत रुततात. आंबटानें ती खाज मारली जाते. काकडें त्यासाठींच असतात. तीं नसतील तर चिंच, आणि तीहि भरपूर. शिवाय कोंबाच्या आंतल्या दांड्याचा पिवळट, दाणेदार भाग काढून टाकावयाचा असतो; कात्रणांत त्याचा उल्लेखच नव्हता. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर ही भाजी खाण्याजोगी होणें अवलंबून आहे, त्यांपैकीं एक गाळली गेली होती आणि दुसरी रुचीची बाब म्हणून सांगितली होती. आंबट येथें चवीसाठीं नाहीं, तें औषध आहे, हें लिहिणारास ठाऊक नव्हतें, किंवा जागा वांचविण्यासाठीं त्यानें तें टाकलें. 'सोपी' करण्याच्या भरांत पाककृतीचें कारणच कापलें गेलें.

संध्याकाळीं आजी आल्या. आमची अवस्था पाहून त्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो असा: "काकडें कुठं गेलीं?" तीं आम्हीं शोभेचीं समजून कोनाड्यांत ठेवलीं होतीं. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं स्वतः भाजी केली, आणि आम्हीं शेजारीं बसून ती लिहून घेतली. लिहितांना आमच्या लक्षांत आलें कीं, आजी कृति सांगत नव्हत्या, कारणें सांगत होत्या. 'हाताला तेल लावा, नाहींतर हात खाजेल.' 'हें पिवळें काढा, हें घसा धरतें.' 'काकडें ठेंचून उकळा, त्याच्या पाण्यांतच शेवळें शिजूं द्या.' प्रत्येक आज्ञेच्या मागें तिचें 'का' होतें. चुकलें तर काय होईल हें सांगितल्याशिवाय त्या एकहि पायरी पुढें गेल्या नाहींत. शास्त्र म्हणवून घेण्याचा अधिकार ह्या कथनास 'सूपशास्त्रा'हून कमी आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां ह्यांतला गंभीर भाग. आजींस ही भाजी येते. सूनबाई म्हणाल्या, "मला नीट येत नाहीं, दरवर्षीं आत्याच करतात." आजींच्या दोन लेकी शहरांत दिल्या आहेत, त्यांनीं ही भाजी सोडली, कारण एकदां घरांत सर्वांचे घसे धरले आणि सासरीं बोलणीं बसलीं. म्हणजे ह्या एका घरांत हें ज्ञान एकाच म्हाताऱ्या डोक्यांत उरलें आहे. तें लिहिलें नाहीं तर जाईल. आणि कात्रणासारखें लिहिलें तर त्याहून वाईट होईल, कारण एकदां घसा धरलेलें माणूस ती भाजी पुन्हा घरांत आणीत नाहीं, आणि न विकली गेलेली जुडी घेऊन कातकरी बाई सायंकाळीं परत जाते. चुकीच्या लेखनानें एक पदार्थ मरतो आणि एका बाईचें तीन आठवड्यांचें उत्पन्न बुडतें. पाकशास्त्राच्या टीकेंत एवढें कांहीं पणाला लागलेलें असतें असें आम्हींहि पूर्वीं मानलें नसतें.

येथेंच दुसरा प्रश्न उभा राहतो: छापील पुस्तकांत कोणाचें स्वयंपाकघर येतें? वरी, नाचणी, सुकट, खेकडे, रानभाज्या हें ह्या पट्ट्यांतलें वर्षाचें अन्न; पुस्तकांत वरी उपासापुरती येते आणि नाचणी आजाऱ्यापुरती. जें एकाचें रोजचें जेवण तें दुसऱ्याच्या पुस्तकांत पथ्य. ह्या उणीवेवर मराठींत नेमकें बोट ठेवलें तें शाहू पाटोळे यांनीं. त्यांचें 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हें पुस्तक २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. मराठवाड्यांतील दलित समाजाचें अन्न, तें शिजविण्याच्या रीती, आणि त्यांच्या मागची भूक व अवहेलना त्यांत एकत्र आली आहे. परिचित वचनांत एक अक्षर अधिक घालून त्यांनीं जें नांव दिलें तेंच एक परीक्षण आहे: ज्या पूर्णब्रह्माच्या पंगतींत अर्ध्या गांवास पान मांडलें नाहीं तें पूर्ण कसें? पाककृति लिहितांना ती कोठून आली, कां आली, हें लिहिलेंच पाहिजे, हा धडा मराठी पाकशास्त्रानें त्या पुस्तकापासून घ्यावयास हवा. दुर्दैवानें त्याच्याकडे सामाजिक ग्रंथ म्हणून पाहिलें गेलें, आणि स्वयंपाकाच्या फळीवर तें क्वचितच ठेवलें गेलें.

उलट बाजूनें एक शंका घेतली जाते, तिचाहि विचार करूं. कांहीं जाणते म्हणतात कीं, असलें ज्ञान लिहूंच नये. तें हातांतून हातांत जावें, कागदावर आलें कीं त्याचा बाजार होतो. ही भीति अगदींच निराधार नाहीं. परंतु हातांतून हातांत जाण्यास दोन हात एका घरांत असावे लागतात. लेकी शहरांत, मुलगे कारखान्यांत, आणि रान दर वर्षीं थोडें मागें सरत आहे, अशा स्थितींत 'हातांतून हातांत' म्हणणें म्हणजे न बोलतां निरोप देणें होय. आजींस आम्हीं हा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "लिहा कीं. पण नीट लिहा. माझ्या नांवावर कुणाचा घसा धरूं नका." ह्याहून नेमकी कसोटी आमच्या हातून लिहिली जाणार नाहीं.

तेव्हां चांगल्या पाककृतीचीं लक्षणें आमच्या मतें हीं. जिनसाची ओळख द्यावी: नवा कीं जुना, रानचा कीं बाजारचा, कोणत्या महिन्याचा. माप वाटी-चमच्याचें असावें, कारण कमलाबाईंचा तो विजय परत घालविण्याचें कारण नाहीं. मापाबरोबर खूण द्यावी, म्हणजे चुलीवर करणारी आणि शेगडीवर करणारी दोघींस ती उपयोगी पडेल. जी पायरी गाळतां येणार नाहीं तिच्यापुढें तिचें कारण लिहावें. जी गाळतां येईल ती 'आवडीप्रमाणें' म्हणून वेगळी काढावी, आणि ह्या दोहोंची गल्लत कधीं होऊं देऊं नये. शेवटीं, चुकलें तर काय करावें तें सांगावें. मीठ अधिक पडलें, खाज राहिली, भात गचका झाला, तर पुढें काय? बहुतेक पुस्तकें जेथें पदार्थ उत्तम होतो तेथें थांबतात. खरें स्वयंपाकघर पुष्कळदां त्याच्या पुढून सुरू होतें.

दुसऱ्यास कसोटी सांगून स्वतः दूर राहणें बरें नव्हे, म्हणून आजींच्या सांगण्यावरून लिहिलेली शेवळांची कृति येथें देतों. ज्येष्ठांत मिळणाऱ्या ताज्या, मिटलेल्या शेवळांच्या दोन जुड्या घ्याव्या. जुडीबरोबरचीं काकडें परत देऊं नयेत. हातांस तेल लावावें, कारण चीक खाजतो. वरचें पान सोलून टाकावें. आंतल्या दांड्याचा पिवळट दाणेदार भाग सर्व काढावा, कारण तोच घसा धरतो. राहिलेलें बारीक चिरावें. दहा-बारा काकडें ठेंचून, बिया काढून, दोन वाट्या पाण्यांत उकळावीं आणि तें पाणी गाळून घ्यावें. काकडें नसतील तर लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ घ्यावा, त्याहून कमी नव्हे. चार चमचे तेलांत लसूण व कांदा तांबूस झाल्यावर शेवळें घालून तीं मऊ पडून निम्मीं होईपर्यंत परतावीं. मग अर्धी वाटी भिजविलेली हरभऱ्याची डाळ, तिखट, हळद, मीठ व तें आंबट पाणी घालून झांकण ठेवावें. डाळ बोटानें दबली आणि कडेस तेल सुटलें म्हणजे भाजी शिजली. वाढण्यापूर्वीं करणारीनें कणभर जिभेवर ठेवून थोडा वेळ थांबावें. खाज जाणवली तर आणखी आंबट घालून पुन्हा शिजवावी, आणि तरीहि राहिली तर ती भाजी पानांत वाढूं नये. गूळ, ओलें खोबरें किंवा सोडे आवडीप्रमाणें. आंबट मात्र आवडीप्रमाणें नाहीं.

ही कृति पांच ओळींत बसत नाहीं, आणि तिच्यावर 'सोपी' हा शब्द छापण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. परंतु ह्या कृतीनें आम्हीं पुढल्या आठवड्यांत शहरांत, शेगडीवर, आजींच्या पश्चात् भाजी केली. ती घरांतल्या सर्वांनीं खाल्ली आणि कोणाचाहि घसा धरला नाहीं. सोपेपणाचा आमच्या मतें एवढाच अर्थ आहे. थोडक्या शब्दांत सांगितलेली कृति सोपी नव्हे. शिकविणारी जवळ नसतांना जी तडीस जाते ती सोपी. ह्या अर्थानें 'रुचिरा' सोपी होती, म्हणून ती घराघरांत राहिली. तिचा कित्ता गिरविणाऱ्यांनीं तिची वाटी घेतली. पण त्या वाटीच्या मागें नवख्या मुलीची जी काळजी होती ती पुष्कळांच्या हातून सुटली.

निघतांना आजींनीं एक जुडी आणि मूठभर काकडें बांधून दिलीं. सूनबाईंनीं आमच्या वहींतलें तें पान मागितलें आणि आपल्या मुलीच्या शाळेच्या वहींत उतरून घेतलें. पुढल्या ज्येष्ठांत भाजी त्या करणार आहेत, आणि आजी ओट्याशीं बसून पाहणार आहेत. आमच्या लेखनाचें खरें परीक्षण त्या दिवशीं होईल.